क्लचचा पाय

पायलट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्याने बस चालवली, आणि वळणावर गाडी अशी अलगद घ्यायचा की उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नसे. म्हणून डेपोतल्या कंडक्टरांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्याला अर्धांगाचा झटका आला. घरी, अंघोळीला जाता जाता. बसमध्ये आला नाही, हे नशीब म्हणायचं.

जीव वाचला. बोलणंही परत आलं; बायकोच्या मते जरा जास्तच आलं. डावा हात हळूहळू वळायला लागला, बटणं लावू लागला. डावा पाय मात्र हटून बसला. चालताना तो मागून फरफटत यायचा, रुसलेल्या मुलासारखा.

बायको पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. पुढच्या खोलीत तिचं पायाचं मशीन, कापडाचे तागे आणि भिंतीला टेकवलेलं लांबलचक टेबल. पायलट दिवसभर तिथेच खुर्चीत बसून राहायचा आणि टाके बघायचा.

"ही शिलाई जरा तिरकी जातेय," तो म्हणायचा.

"तुमच्या बघण्याने सरळ होणार आहे का?" ती मान वर न करता म्हणायची. "बसा तिकडे उन्हात."

एका दुपारी ती कामावरून परतली ती तोंडाला कुलूप लावूनच. गावाबाहेरच्या एका गेस्टहाउसचे सहा पडदे पोचवायला गेली होती. भाड्याचा टेम्पोवाला आधीच दोन तास उशिरा आला होता. त्यात वाटेत त्याने आणखी कुणाचा माल घेतला आणि सिमेंटच्या गोण्या थेट पडद्यांच्या गठ्ठ्यावर टाकल्या. मलईच्या रंगाचे पडदे. तिने गठ्ठा टेबलावर सोडला, एक पडदा झटकला, आणि खोलीभर राखाडी धूळ उडाली.

"बदल तो टेम्पोवाला," पायलट म्हणाला.

"हा तिसरा आहे," ती म्हणाली आणि धुण्यासाठी पडद्यांचं अस्तर उसवायला बसली.

पायलटने मागच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. परसात, भिंतीच्या कडेला, ताडपत्रीखाली त्याची छोटी पिकअप उभी होती. सुटीच्या दिवशी बारीकसारीक भाडी मारावीत म्हणून त्याने ती जुनीच घेतली होती. दोन वर्षं चालवली. मग इंजिन कुरकुरायला लागलं, डेपोत जादा पाळ्या सुरू झाल्या, आणि "बघू की उद्या" म्हणता म्हणता नऊ वर्षं उलटली. ताडपत्रीवर पाला साचून त्याची माती झाली होती, आणि त्या मातीत गवतही उगवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तेरानंबरला फोन लावला.

तेरानंबर डेपोतला जुना फिटर. काहीही बिघडो, आधी हात पुढे करून "तेरा नंबरचा पाना दे" म्हणायची सवय; मग त्याला दुसरं नाव कशाला लागतंय? तो निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि घरात बसून सुनेच्या मिक्सरचा स्क्रू दिवसातून दोनदा आवळत होता. तासाभरात आला.

दोघांनी मिळून ताडपत्री ओढली. चारही टायर जमिनीवर बसलेले. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. कापूस, सुतळी आणि बायकोच्या अस्तराच्या चिंध्यासुद्धा. तेरानंबरने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून नाक आत घातलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"पायलट, हे पेट्रोल नाही राहिलं. वार्निश झालंय. पाट रंगवायला घे."

"इंजिन?"

"बघू या." त्याने चारही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि झाकणं ठेवून दिली. "चार दिवस मुरू दे. आणि तू कुठेही ढकलाढकली करायची नाहीस. पाच पैशांची घाई करशील आणि पिस्टन मोडून ठेवशील."

चार दिवस पायलट रोज सकाळी बाहेर येऊन बोनेटकडे बघून जायचा. पाचव्या दिवशी तेरानंबरने लांब दांड्याचा पाना लावला आणि जोर केला. काही नाही. पुन्हा केला. आतून एक बारीकसा कण्हल्यासारखा आवाज आला आणि पाना बोटभर सरकला. मग हातभर. मग इंजिन गोल फिरलं. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून असे हसले, की बायको मशीन थांबवून दारात आली.

"काय झालं?"

"फिरलं!" पायलट म्हणाला.

"कुणाचं? डोकं?"

पण त्या दिवशी तिने चहा बाहेर आणून दिला आणि स्वतःचा कप घेऊन तिथेच पायरीवर बसली.

पुढचे दोन महिने परसाचं गॅरेज झालं. टाकी उतरवून आतला गंज धुतला. कार्बोरेटर पायलटने स्वतः सोडवला. जेवणाच्या ताटात एकेक जेट, एकेक स्प्रिंग मांडून तो बसायचा आणि तारेच्या टोकाने बारीक भोकं मोकळी करायचा. आधी डाव्या हातातून सारखं काहीतरी निसटायचं. एकदा एक इवलीशी पितळी गोळी फरशीवर पडून घरंगळली आणि ती शोधायला तिघंही गुडघ्यांवर आले. बायकोने ती मशीनखालून चुंबकाने टाचण्या गोळा कराव्यात तशी काढायला पाहिली. पितळेला चुंबक लागत नाही, हे तेरानंबरने तिला समजावून सांगेपर्यंत तिने ती चिमटीत उचललीसुद्धा होती. पण हळूहळू निसटणं कमी झालं. बोटांना आठवत गेलं. ब्रेकचे चारही सिलिंडर गच्च झाले होते, ते नवे टाकले. रबरी पाइप हातात धरताच बिस्किटासारखे तुटले, तेही बदलले. क्लचची प्लेट गंजून चिकटली होती. ती सोडवायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागला आणि त्यात तेरानंबरची कंबर धरली. आठवडाभर तो पायरीवर बसून हुकूम सोडत होता आणि पायलट जमिनीवर गोणपाट अंथरून गाडीखाली पडलेला. झटका आल्यापासून आपण कधी जमिनीवर बसून एकट्याने उठलो नव्हतो, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. बायकोच्या आलं.

एका रविवारी सकाळी गाडी सुरू झाली. आधी खोकली, मग निळा धूर ओकली. तेरानंबरने कार्बोरेटरचा स्क्रू इकडेतिकडे करताच सूर धरून बसली. पायलटने खिडकीच्या काचेला हात लावून पाहिला. काच थरथरत होती.

"सरक," तो म्हणाला. "मी घेतो बाहेर."

तेरानंबरने बायकोकडे पाहिलं. ती दारात ओल्या हातांनी उभी होती. तिने होकारार्थी मान हलवली. तेरानंबर मुकाट्याने शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने हात हँडब्रेकवर ठेवला.

पायलट स्टिअरिंगमागे बसला. डावा पाय त्याने हातांनी उचलून क्लचवर ठेवला. अंगाचा भार टाकून दाबला, दाबला गेला. पहिला गिअर पडला. एकतीस वर्षांत लाखो वेळा केलेलं काम. आता फक्त पाय हळूहळू वर घ्यायचा.

पाय हळूहळू वर येईना. तो पेडलवरून एका बाजूला घसरला, आणि गाडीने बैलासारखी उसळी घेतली. तेरानंबरने हँडब्रेक खेचला, तरी ती चार हात पुढे जाऊन कपडे वाळत घालायच्या खांबावर आदळली. खांब वाकला, दोरी तुटली आणि ओली चादर पुढच्या काचेवर येऊन पडली. इंजिन बंद पडलं. आतून काही दिसेना. नुसतं पांढरं.

"लागलं नाही ना कुठे?" तेरानंबरने विचारलं.

पायलटने दार ढकललं. तो उतरला, फरफटत घरात गेला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला.

दोन दिवस तो जेवणापुरता उठला. तिसऱ्या दिवशी बायको येऊन पलंगाच्या कडेला बसली. तिच्या हातात डॉक्टरांचा कागद होता. पायलटने तो ओळखला. इस्पितळातून सुटी मिळाली तेव्हाचा. डाव्या पायात नियंत्रण नाही, डाव्या बाजूचं नजरेला उशिरा कळतं, वाहन चालवू नये, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याने तो कपाटात मोज्यांखाली लपवला होता.

"कधी सापडला तुला?"

"पहिल्याच आठवड्यात. मोजे कोण धुतं तुमचे?"

"आणि तरी मला गाडीमागे लागू दिलंस? ताकास तूर लागू दिली नाहीस?"

"हात चालायला लागले होते तुमचे," ती म्हणाली. "सकाळी आपणहून उठत होता. मी कशाला मध्ये पडू? आणि तेरानंबरना सांगून ठेवलं होतं, पहिल्यांदा गाडी काढाल तेव्हा हँडब्रेकवरचा हात सोडू नका म्हणून."

पायलट छताकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं. त्याने पुसलं नाही.

"मग आता विकून टाकू," तो म्हणाला. "दोन म्हाताऱ्यांचा खेळ झाला."

"विकू कशाला? मी शिकते."

"तू?" तो कोपरावर उठला. "पंचावन्न वर्षांची आहेस तू!"

"तुम्ही अठ्ठावन्नचे. तुम्हाला कुणी विचारतंय?"

परसाच्या मागे मोकळं मैदान होतं. तिथे शिकवणी सुरू झाली. पायलट शेजारच्या सीटवर बसून सांगायचा, "क्लच एकदम सोडायचा नाही. अर्ध्यावर आला की तो बोलतो. तिथे थांबायचं, ऐकायचं, मग—" आणि गाडी निघालीसुद्धा. लोण्यातून सुरी जावी तशी. तो चक्रावला. तिने पुन्हा थांबवली, पुन्हा काढली. एक धक्का नाही.

"कुठे शिकलीस?"

"तीस वर्षं मशीन चालवतेय पायाने," ती म्हणाली. "रेशमावर टाका घ्यायचा तर पाय असाच धरावा लागतो."

पायाचं जमलं, पण बाकीचं काही आपोआप जमलं नाही. आरसा बघायची ती विसरायची. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना चौथा टाकायची. पायलट मात्र उंटावरून शेळ्या हाकायचा. "ब्रेक! अगं ब्रेक! आरसा! डावीकडे बघ! डोळे कुठे आहेत?" चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा रस्त्यावर आली. वळणाजवळ तो इतका ओरडला की तिने गाडी नीट कडेला लावली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि उतरून चालू लागली.

"अगं कुठे निघालीस?"

"घरी."

"आणि मी?"

"तुम्हाला येतंय ना सगळं? आणा गाडी."

तासभर तो तिथे बसून राहिला. जाणारे-येणारे वाकून बघायचे. एकाने पंक्चर झालंय का म्हणून विचारलं. त्या तासाभरात पायलटला डेपोतले दिवस आठवले. नव्या ड्रायव्हरांना हाताखाली देत तेव्हा तो असा कधीच ओरडला नव्हता. ती पोरं चुकली तर चुकत. इथे मात्र तिची प्रत्येक चूक त्याच्या पायावर येऊन बसत होती. ती गाडी चालवत होती म्हणजे तो चालवत नव्हता, एवढीच गोष्ट होती, आणि ती गिळायला इतके दिवस लागले होते.

ती परत आली तेव्हा त्याने स्वतःच बोलायला सुरुवात केली. "चुकलं माझं."

"आता तीनच शब्द बोलायचे," ती आत बसत म्हणाली. "थांब, बघ, आणि जा."

"शाबास म्हटलं तर?"

तिने किल्ली फिरवली. "तेवढं चालेल."

लायसन्सच्या परीक्षेत ती पहिल्या खेपेला नापास झाली. मागे घेताना खुंट पाडला. अधिकारी तिला मुलगा शोभावा एवढ्या वयाचा होता. तो म्हणाला, "काकू, या वयात कशाला त्रास?" ती घरी येऊन रडली नाही. मैदानात चार बादल्या मांडून पंधरा दिवस तिने नुसता रिव्हर्स घोटला. तेरानंबर बादल्यांची राखण करायचा आणि पाडली की "गेली!" म्हणून ओरडायचा. दुसऱ्या खेपेला चढावर गाडी थांबवून काढायची होती. तिच्या आधीच्या दोघांची मागे घसरली होती. तिची केसभरही घसरली नाही. अधिकाऱ्याने मान वर करून पाहिलं आणि सही केली.

आता पिकअप रोज चालते. रंग अजून चारपाच ठिकाणी उडालेला आहे आणि एका दाराची काच अर्ध्यावरच अडते. मागच्या हौदात पायलटने लाकडी कप्पे केलेत, पडद्यांना वर काही टेकू नये असे. सकाळी तेल-पाणी तो बघतो, टायर ठोकून ऐकतो, मग तिला "जा" म्हणतो. पंधरा-वीस दिवस तो बरोबर जायचा. मग एका सोमवारी ती म्हणाली, आज एकटीच जाते. तो दिवसभर दारातून हलला नाही. संध्याकाळी ती आली, आणि वाटेत पंख्याचा पट्टा सैल होऊन किरकिरत होता, तो आपण थांबून आवळला, असं सहज सांगून हात धुवायला गेली. कुठल्या पान्याने, असं त्याने विचारलं. "तेराच्या," ती आतून म्हणाली.

परवा एका शाळेच्या सभागृहाचा रंगमंचाचा पडदा पोचवायचा होता. वजन फार, म्हणून तो आणि तेरानंबर दोघंही गेले. तेरानंबर मागे हौदात पडद्याशेजारी पाय पसरून बसला. पडदा चढवून परत निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. लांबचा सरळ रस्ता, इंजिनाची एकसुरी गुणगुण, आणि मागच्या हौदात तेरानंबरचं मोठ्याने गाणं. बायको काहीतरी सांगत होती. शाळेच्या बाईंना खिडक्यांचेही पडदे हवेत, माप घ्यायला पुढच्या आठवड्यात यावं लागेल. उत्तर आलं नाही म्हणून तिने वळून पाहिलं.

पायलटची मान खिडकीला टेकली होती, तोंड जरासं उघडं. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना तो जन्मात कधी झोपला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासातही रात्रभर ताठ बसून ड्रायव्हरच्या चुका मोजत होता.

तिने मागच्या काचेवर बोटाने टिचकी मारून तेरानंबरला गप्प बसायची खूण केली, आणि पुढचं वळण अगदी हळू घेतलं.