घरचं, विकतचं, फुकटचं

"हं, बोला ताई," साहेब म्हणाले आणि मी पुन्हा पाण्याचा ग्लास उचलला. तो मघाशीच रिकामा झाला होता.

मीटिंगचा विषय साधा होता. मदतीसाठी फोन आला की कोणती रुग्णवाहिका पाठवायची, हे ठरवणारा आमच्या रुग्णवाहिका केंद्राच्या सॉफ्टवेअरमधला भाग जुना झाला होता. पर्याय तीन. एका कंपनीचा तयार भाग विकत घ्यायचा. तो देखणा, पण आत काय चाललंय ते आपल्याला दिसणार नाही आणि अडलं की त्यांच्या दारात उभं राहायचं. दुसरा ओपन सोर्स, फुकटचा. ठिकठिकाणची माणसं तो उघड्यावर लिहितात, सुधारतात, आपणही सुधारू शकतो. तिसरा घरचा. म्हणजे माझा. लेक पोटात असताना मी एकटीने लिहिलेला. ती आता कॉलेजात जाते.

आणि तिघांतून निवड करायची तीही मीच. घ्या! म्हणजे आपल्याच पोराचा पेपर आपणच तपासायचा.

आठवडाभर जिवाला चैन नव्हतं. कपड्यांच्या घड्या घालायची, मोडायची, परत घालायची. नवरा म्हणाला, तुझंच ठेव की, एवढा काय विचार करतेस. त्याला काय जातंय सांगायला! माझ्या त्या भागाची नस फक्त मला ठाऊक. पित्ताशयाच्या ऑपरेशनला नेत होते तेव्हा स्ट्रेचरवरून मी फोनवर दुरुस्ती सांगितली होती. केवढं कौतुक झालं होतं त्याचं. मीही मिरवलं. पण त्या दिवशी भूल आधीच दिली असती तर? कुणाच्या तरी दारात गाडी पोचलीच नसती. हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेना.

"ओपन सोर्सवाला घेऊ," मी म्हणाले. "तो चौघांना शिकता येईल. माझा माझ्याशिवाय चालत नाही. असली वस्तू इथे ठेवू नये."

खरं सांगू? मला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल, असं कसं ताई, इतकी वर्षं चाललंय की तुमचं. नुसतं म्हणायला हो. मी ऐकणार नव्हतेच. मी एकेकाकडे पाहिलं. हिशेबनिसांनी मान डोलावली. बाकीचे लिहून घेत होते.

"उत्तम," साहेब म्हणाले. "ठरलं तर मग. पुढचा विषय पार्किंग."

पार्किंगवर मी अशी काही भांडले की सगळे बघतच राहिले.