दोन यान, एक साक्षीदार

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी साठीला आलेले संशोधक यान हे पैलिन विद्यापीठाच्या नोंदणीखोलीत शिरले, थर्मासमधला चहा झाकणात ओतला, चष्मा बाहीला पुसला आणि शिसपेन्सिलीला टोक काढलं. टेबलावर दीडशे वर्षांपूर्वीचा एक तुरुंगाधिकारी कालपासून त्यांची वाट पाहत पडला होता.

बादशाही अमलात दर तीन महिन्यांनी सरकारी अधिकाऱ्यांची छापील यादी निघे. हुद्दा, आडनाव, नाव, मूळ गाव, उत्तीर्ण झालेली परीक्षा. एका यादीतला माणूस पुढच्या यादीतला तोच की त्याचा नामबंधू, हे ठरवण्यात यानांची एकोणीस वर्षं गेली होती. नियम त्यांचाच होता: आडनाव, नाव, गाव आणि परीक्षा, या चारांतल्या तीन गोष्टी जुळल्या तरच माणूस एक. हा तुरुंगाधिकारी वसंतातल्या यादीत होता, शरदातल्या यादीत नव्हता. त्याच्या जागी त्याच गावचा, तेवढीच परीक्षा दिलेला, आडनावानंही तोच, पण नावात एक अक्षर बदललेला दुसराच कोणी होता. यानांनी वर्ष पाहिलं. त्या उन्हाळ्यात नवा बादशहा गादीवर आला होता आणि बादशहाच्या नावातलं अक्षर रयतेनं आपल्या नावात ठेवायचं नसतं. बिचाऱ्यानं ते मुकाट्यानं बदललं होतं. यानांनी समासात लिहिलं, ‘एकच व्यक्ती’, आणि टोपी चढवून स्वतःच्या निवृत्तीवेतनाच्या कामाला निघाले.

निवृत्तीवेतनाच्या कचेरीत खिडकीमागच्या मिआवबाईंनी त्यांची फाईल दोनदा उलटली आणि त्यांना शांतपणे सांगितलं की, या फाईलमध्ये दोन माणसं आहेत.

यान हे आडनाव दोन तऱ्हांनी लिहितात. खरं अक्षर लेखणीच्या अकरा फटकाऱ्यांचं, यमराजाच्या नावातही तेच. आळशी अक्षर सहा फटकाऱ्यांचं: दाराची चौकट आणि आत तीन आडव्या रेघा. यानांच्या तरुणपणी सरकारनंच काही काळ अशी सोपी अक्षरं चालवून पाहिली आणि मग मागे घेतली. अक्षरं गेली, फायली राहिल्या. पंपाच्या कारखान्यातली पहिली अकरा वर्षं सहा फटकाऱ्यांच्या यानाच्या नावावर होती; विद्यापीठातली तीस वर्षं अकरा फटकाऱ्यांच्या. ओळखपत्रही या दुसऱ्या यानाच्याच नावाचं. पहिल्याची अकरा वर्षं त्यामुळे हवेत होती, आणि महिनाअखेर यानांना साठ वर्षं पूर्ण होत होती.

“पण तो मीच आहे,” यान म्हणाले.

“सगळे तसंच म्हणतात, काका. दोघांनाही ओळखणारा तिसरा आणा.” मिआवबाईंनी साक्षीचा छापील अर्ज खिडकीतून सरकवला.

नोंदणीखोलीत परतून यानांनी ही हकीकत सांगितली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या शाओबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातल्या सूर्यफुलाच्या बिया सांडल्या. त्यांनी यानांच्या नियमावर बेतलेला संगणकावरचा प्रोग्राम उघडला आणि त्यात दोन्ही यान भरले. आडनाव वेगळं. नाव तेच. गाव वेगळं, कारण यानांचा तालुका मधल्या काळात शहरात विलीन झाला होता. परीक्षा वेगळी, कारण कारखान्यात शिरलेला मुलगा शाळेतून नुकता सुटलेला होता आणि बाहेर पडलेल्यानं रात्री जागून पदवी मिळवली होती.

“चारात एक,” शाओबाई म्हणाल्या. “तुमच्याच नियमानं तुम्ही तुम्ही नाही, यानदादा. आता नियम सैल करायचा म्हणाल, तर चाळीस हजार मेलेले अधिकारी पुन्हा तपासायला लागतील.”

यानांनी नियम सैल केला नाही. ते साक्षीदार शोधायला लागले. कारखाना कधीच बंद पडला होता. हजेरीबुकं लिहिणारे बाकीचे वारले होते. उरले होते एकटे लुआन उस्ताद. थंडीत हातमोजे न काढता हजेरी मांडता यावी, म्हणून यानांच्या आडनावाचे पाच फटकारे खाऊन टाकणारे तेच. तीस वर्षांत यान त्यांच्या दारी गेले नव्हते.

दोन बस बदलून यान गेले. सोबत नासपतीचा डबा आणि अर्ज नेला. अर्जात ‘साक्षीदाराशी नातं’ या रकान्यात बसमध्येच लिहून ठेवलं होतं: माजी सहकारी.

ऐंशीच्या घरातले लुआन उस्ताद कोबीचे गड्डे आंबवायच्या रांजणात दाबून बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही. “यान्या का रे? अजून पाय घासतच चालतोस.”

यानांनी काम सांगितलं. म्हातारा बराच वेळ ऐकून घेत राहिला, मग हात पुसून म्हणाला, “अडचण आहे. मी ओळखायचो तो यान पहिल्या नंबरचा कामचुकार. यमाचं आडनाव लावून पंपाला भ्यायचा, टाकीमागं पुस्तक वाचत बसायचा. तू तर विद्यापीठातला साहेब. दोघं एकच असं मी कोणत्या तोंडानं लिहू?”

“उस्ताद, मी—”

“थांब, वाचू दे.” त्यांनी भिंग घेतलं. अर्जावरून ते सावकाश फिरत गेलं आणि नात्याच्या रकान्यावर थांबलं. “तू कारखाना सोडलास, तेव्हाच्या कागदातही असाच एक रकाना होता. काम कोणाकडे शिकला. तू तिथं आडवी रेघ मारलीस. कागद माझ्याच सहीनं वर गेला.” आवाजात राग नव्हता, पंपातला बिघाड सांगावा तसं ते सांगत होते. मग त्यांनी सही केली, अंगठा लाल शाईत बुडवून उठवला आणि म्हणाले, “माजी सहकारी. बरोबर आहे. खोटं काही नाही.” निघताना यानांच्या हातात आंबवलेल्या कोबीची पिशवी दिली, गाठ सैल आहे, उभी धर, म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी मिआवबाईंनी अर्ज पाहिला, अंगठा पाहिला आणि शिक्का उचलला. दोन्ही यान आता एक होणार होते.

“जरा थांबा,” यान म्हणाले. “एक कोरा अर्ज द्या.”

“कशाला? हा चालतोय की.”

“एक नोंद चुकलीय.”

“कुठली? नात्याची? काका, तो रकाना कोणी वाचतसुद्धा नाही. आणि नवा अर्ज म्हणजे नवी सही, नवा अंगठा. आज शुक्रवार आहे.”

यानांनी मान डोलावली आणि हात पुढे केलेलाच ठेवला. बाईंनी सुस्कारा टाकून कोरा अर्ज दिला. भिंतीलगतच्या उंच फळीपाशी उभं राहून यानांनी तो पहिल्या ओळीपासून भरला. जुन्या यादीतली नोंद उतरवावी तसा, एकेक अक्षर सुटं. नात्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘माझे उस्ताद. काम यांच्याकडे शिकलो.’ रकाना लहान होता. शेवटचे शब्द चौकटीबाहेर गेले.

शाई वाळेपर्यंत ते उभे राहिले. मग अर्जाची घडी न करता तो हातात धरून उस्तादांकडच्या पहिल्या बसच्या थांब्याकडे चालू लागले.