एक पायरी खाली

"डेझिग्नेशन में मॅनेजर लिखो," असं म्हणत जिनचाचांनी पुतण्याचा पासपोर्ट काउंटरवर ठेवला आणि मोहिद्दीनने पासपोर्टवरचं नाव दोनदा वाचलं.

ही जागा त्याने स्वतःसाठी मागितली होती. चारच दिवसांपूर्वी, लाज गुंडाळून ठेवून. २००९चा डिसेंबर चालू होता. मंदीमुळे दुबईतल्या क्रेन्स वर्षभर जागच्या जागी उभ्या होत्या, आणि इंटरनॅशनल सिटीतल्या ज्या टायपिंग सेंटरात मोहिद्दीन लोकांचे व्हिसाचे फॉर्म टाइप करायचा, तिथे माश्या मारायची पाळी आली होती. मालक याकूबभाई श्रीवर्धनचे, माणूस वाईट नव्हे. पण त्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं, "नव्या सालापासून तुला हेल्परच्या व्हिशावर ठेवीन. क्लार्कची जागा मना आता परवडत नाय." आता हेल्पर म्हटलं की बायको-मुलीचा व्हिसा मिळायचा नाही. म्हणजे खैरुन्निसा आणि उमैमाला गावी पाठवायचं, आणि आपण सहाजणांच्या खोलीत एका कॉटवर पडायचं. जिनचाचांच्या दुकानाच्या लायसनवर मात्र मॅनेजरच्या व्हिशाची जागा रिकामी होती. एकच.

चाचा चिनी, हिंदी इथल्या गिऱ्हाइकांकडून शिकलेले; ड्रॅगन मार्टमध्ये त्यांचं नळांचं दुकान. नळ, शॉवर, बेसिन. ज्या टॉवरांसाठी माल मागवला ते टॉवर अर्ध्यावर थांबले आणि खोकी छतापर्यंत चढली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सत्तरीचा म्हातारा अजून इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ बसून नळ विकायचा. चहा पिता पिता त्याने मोहिद्दीनला शंभरदा सांगितलं होतं, की त्याचे मूळ पुरुष चीनच्या बादशहाचे पुत्र, पहिल्या दर्जाचे राजपुत्र. पण तिथला कायदा असा, की बापाची पदवी मुलाला मिळायची ती एक पायरी खाली उतरून. नातवाला आणखी एक पायरी खाली. मोजकी काही घराणी होती, लोखंडी टोपीवाली म्हणायचे त्यांना, त्यांची पदवी कधी घसरायची नाही. बाकी सगळी उतरंड. चाचांच्या आजोबांपर्यंत येता येता कमरेचा पिवळा पट्टा तेवढा उरला. मग बादशाहीच गेली, आणि वडिलांनी जन्मभर लोकांचे गळके नळ दुरुस्त केले.

"हमारा भी वही है, चाचा," मोहिद्दीन एकदा म्हणाला होता. "परदादा गाव का खोत, दादा जहाज पे सारंग, बाप खलाशी, और मैं टायपिस्ट." त्या दिवशी दोघं पोट धरून हसले होते.

आज मोहिद्दीन हळूच म्हणाला, "चाचा, मैंने आप को बोला था."

"मालूम है, मोहिद." चाचांनी नजर खाली वळवली. "मेरे को बेटा नहीं. भाई अपना छोटा लडका मेरे को देता है. मेरा बेटा बनेगा. लेकिन भाई बोलता है, पहले वीजा. इकतीस तारीख तक कागज नहीं भरा, तो लडका नहीं. मेरी शाखा में मेरे बाद कौन? तीन सौ साल का खानदान है."

दत्तकाचा सौदा होता तो. मोहिद्दीनने मान हलवली आणि फॉर्म टाइप केला. एकही चूक केली नाही.

घरी खैरुन्निसाने विचारलं, "तुम्ही मागितलव, आणि त्यानं नाय म्हटलान?"

"त्याला वारस पाहिजे."

"आणि माझ्या पोरीला बाप नको?"

उमैमा गृहपाठाच्या वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "पप्पा, आय ॲम नॉट गोइंग एनीव्हेअर." आठ वर्षांची पोर ती, तिला कोण काय सांगणार.

भरलेले फॉर्म दुपारी तोच व्हिसाच्या सरकारी ऑफिसात नेऊन जमा करायचा. दुसऱ्या दिवशी त्याने अकरा फॉर्म नेले. बारावा, चाचांच्या पुतण्याचा, ड्रॉवरमध्ये राहिला. उद्या नेऊ, असं तो स्वतःला म्हणाला, आणि उद्याही तेच म्हणाला. नऊ वर्षांत कुणाचा कागद त्याने एक दिवस अडवून ठेवला नव्हता. आता नमाजाला उभा राहिला तरी डोळ्यांपुढे ड्रॉवर यायचा.

चाचा रोज यायचे. "हुआ?"

"सिस्टम डाऊन है, चाचा."

चोराच्या मनात चांदणं. मोहिद्दीनला वाटायचं, म्हातारा ड्रॉवरकडेच बघतोय. पण म्हाताऱ्याने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. एकदा तर उमैमासाठी संत्री घेऊन आला. ती संत्री मोहिद्दीनने घरी नेली नाहीत, बाजूच्या दुकानात देऊन टाकली.

एकतीस तारखेला गुरुवार होता. ऑफिस दोनला बंद होणार. साडेबाराला मोहिद्दीनने ड्रॉवर उघडला, फॉर्म पाकिटात घातला आणि बसस्टॉपवर जाऊन उभा राहिला. जायचंच असं त्याने खरोखर ठरवलं होतं. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने घाई केली, "यल्ला, यल्ला." मोहिद्दीन चढला नाही. पुढच्या बसलाही नाही. दोन वाजून गेल्यावर तो परत आला.

पाच जानेवारीला चाचा आले तेव्हा शर्ट तसाच इस्त्रीचा होता.

"भाई ने ना बोला," ते खुर्चीत बसत म्हणाले. "लडका उधर फॅक्टरी में लग गया. खलास." मग मोहिद्दीनचा चेहरा पाहून त्यांनीच त्याची समजूत काढली. "तेरी गलती नहीं. सिस्टम."

मोहिद्दीनने अर्धा उघडा ड्रॉवर गुडघ्याने आत ढकलला.

"जगह खाली है," चाचा म्हणाले. "तेरा नाम लिखो. बीवी-बच्ची इधर रहेगी. एक का तो घर रहना चाहिए."

"चाचा, सुनिए, मैंने वो..."

चाचांनी हात वर केला. "शुक्रिया नहीं, मोहिद. बिलकुल नहीं."

सांगायचं होतं ते तिथेच राहिलं. मोहिद्दीनने पुन्हा तोंड उघडलं नाही, आणि आता उघडणारही नाही हे त्याला त्याच क्षणी कळलं.

चाचांनी पिशवीतून कापडात बांधलेली जाड वही काढली. घराण्यातल्या त्यांच्या शाखेची वंशावळ होती ती. पानंच्या पानं उभ्या अक्षरांनी भरलेली, आणि शेवटच्या पानावर एकच नाव, त्यांचं स्वतःचं.

"पेन देना."

मोहिद्दीनने पेन दिलं. चाचांनी आपल्या नावाखाली एक छोटं अक्षर काढलं.

"क्या लिखा?" मोहिद्दीनने विचारलं. न विचारता त्याला राहवेना.

"यहाँ रुका," चाचा म्हणाले. "जिस का आगे कोई नहीं, उस के नीचे ये लिखते हैं." त्यांनी शाईवर हलकी फुंकर मारली आणि पेन हातातच ठेवलं. "अभी तेरा. लिखो."

मोहिद्दीनने कीबोर्ड पुढे ओढला. त्याचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव. डेझिग्नेशन, मॅनेजर. बायको एक, मुलगी एक. प्रिंट काढून त्याने कागद काउंटरवर ठेवला, आणि मालकाची सही कुठे लागते ते बोटाने दाखवलं. चाचांनी चष्मा नीट केला आणि सही केली.