दोन संघांचं क्रिकेट

"वैनी, सोपा टाकलास तर बघ हां! माहेरपणाला यायची नाय."

"तुला कोन सोपा देतंय, ताई?" मृणालीने ओढणी कमरेला खोचली.

शेवटचा चेंडू होता आणि रोह्याच्या संघाला जिंकायला दोन धावा हव्या होत्या. बॅट धरलेली रोहिणी रोह्याची सून, आणि चेंडू टाकणारी मृणाली तिची पेणची भावजय. महिला महोत्सवात रस्सीखेच, संगीतखुर्ची नेहमीचीच. यंदा पहिल्यांदाच क्रिकेट ठेवलं आणि संघ आले अवघे दोन.

"एकोणीसशे सालच्या पॅरिस ऑलिंपिकातपन दोनच टीम होत्या!" आयोजक सुजयसरांनी माइकवरून धीर दिला. पुढच्या वर्षी क्रिकेट नाही, हे मात्र हळूच सांगितलं. ऑलिंपिकात क्रिकेट परतायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागतायत. रोहिणीकडे तेवढी नव्हती.

लहानपणी पेणजवळच्या धरमतरच्या मिठागरांच्या बांधावर ती भावाच्या बरोबरीने खेळायची. लग्न होऊन रोह्याजवळच्या वरसे गावात आली, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटू लागली आणि बॅट सुटली ती सुटलीच. आज तिला सोनेरी पदक हवं होतं. अगदी हावऱ्यासारखं हवं होतं.

"मार गो, रोहिणी!" पेणच्या मांडवातून तिची आई इंदुबाई ओरडली. चेंडू टाकणारी आपलीच सून आहे, हे ती साफ विसरली. बायकांनी तिला ओढून खाली बसवलं.

चेंडू आला. रोहिणीने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू उंच उडाला आणि मृणाली धावत त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. तिने तो सोडला नाही.

पेणच्या बायका नाचत सुटल्या. मृणाली मात्र नणंदेकडे आली.

"ताई, राग आला?"

"सोडला असतास तर आला असता," रोहिणी म्हणाली आणि तिला गच्च मिठी मारली. वाईट वाटत होतं, खूपच वाटत होतं.

संध्याकाळी शिफ्ट सुटून तिचा नवरा प्रवीण घरी आला. त्याने तिच्या गळ्यातलं चंदेरी पदक बघितलं.

"कितवा नंबर गो?"

"दुसरा."

"टीम किती होत्या?"

"दोन."

"म्हंजे शेवटचाच की!" तो पोट धरून हसला.

"व्हय, शेवटचा," म्हणत तीही हसली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. पदक सारखं परातीत लोंबत होतं. तिने कोपराने ते पाठीवर ढकललं आणि पहिली भाकरी थापायला घेतली.