फटाकडीचा फोटो

"चाचा, हे पाहा, फटाकडी! आपल्याच तलावावर!"

प्रियंकाने मोबाइल नाकासमोर धरला आणि हाफिजच्या पोटात दुखायला लागलं. दिग्रसमधल्या त्याच्या स्टुडिओत लग्नांचे अल्बम होत, पण जीव सगळा पाखरांत. मुठीएवढी ठिपकेदार फटाकडी हिवाळ्यात दूरदेशाहून येते आणि काठच्या गवतातून चोचही बाहेर काढत नाही. तिच्यासाठी त्याने कितीतरी हिवाळे चिखलात काढले होते. आणि ही कालची पोरगी! कॅमेरा धरायला त्यानेच शिकवलं हिला. गुरूची विद्या गुरूलाच, दुसरं काय!

"मस्त आहे बेटा," तो म्हणाला. "कुठं भेटली?"

"पंपहाउसजवळ, बेशरमाच्या झुडपात. गुपचूप बसून राह्यली मी, अन् आली ना बाहेर."

गुपचूप बसली म्हणे! तो काय तिथे ढोल वाजवत होता?

दुसऱ्या दिवशी उजाडताच हाफिज त्याच झुडपात शिरला. ऊन वर आलं तरी गवत हललं नाही. तेव्हा त्याने मोबाइल काढून फटाकडीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. आपल्या जागेत दुसरी घुसली असं वाटून पाखरू चवताळून बाहेर येतं, हे त्याला ठाऊक होतं. प्रवासाने दमलेल्या पाखराला असं कधी छळायचं नाही, हा प्रियंकाला दिलेला पहिला धडाही त्याचाच होता.

फटाकडी आली. मान ताणून, पिसं फुलवून, नसलेल्या सवतीला शोधत उघड्या चिखलात सैरावैरा फिरली. हाफिजने मनसोक्त फोटो काढले.

स्टुडिओत येऊन त्याने ते मोठे करून पाहिले. पीस न् पीस स्पष्ट! प्रियंकाचा फोटो याच्यापुढे पाणी भरेल. पण ती ताणलेली मान, ती फुललेली पिसं. गावाने वाहवा केली असती. प्रियंकाने एका नजरेत ओळखलं असतं. तिची नजर त्यानेच तर तयार केली होती.

संध्याकाळी ती आपल्या फोटोची फ्रेम घ्यायला आली. तिच्या फोटोत अर्धी फटाकडी गवताआड होती, निवांत चिखल टोचत.

"चाचा, सकाळी तलावावर गाडी दिसली तुमची. भेटली का तुमाले?"

कॅमेरा टेबलावरच पडला होता. हाफिज फ्रेमची काच पुसत होता.

"नाही बेटा. मले कुठची भेटते ते."

"भेटन चाचा. फक्त गुपचूप बसा."

हाफिजने मान हलवली आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.