दुसरं त्रुटीपत्र

परवानगी कार्यालयातल्या तपासनीस बाईंची सारी हयात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे बघण्यात गेली. त्या नोकरीला लागल्या तेव्हा नकाशे निळे असत. उघडले की अमोनियाच्या वासाने डोळ्यांत पाणी यायचं. अर्जदारांच्या डोळ्यांत ते वासाशिवायच यायचं, कारण चुका एकदम सांगायची रीतच नव्हती. आज जिन्याची रुंदी, ती सुधारून आणली की महिन्याने खिडकी, मग गटार. खेटे घालून माणूस अर्धा व्हायचा.

बाईंनी तीन वर्षं साहेबांच्या मागे भुणभुण लावली आणि अखेर नियम आणला: त्रुटीपत्र एकच. काय चुका काढायच्या त्या पहिल्याच पत्रात काढा. त्या दुरुस्त झाल्या की मुकाट शिक्का मारा. शेजारच्या टेबलावरच्या तपासनिसाला, ज्याला सगळे लाल पेन म्हणत, हे विषासारखं लागलं. पण वर्षभरात बाहेरची बाकं ओस पडली. बाई दुपारी तिथे ऐसपैस बसून डबा खायच्या.

मग एका शिवण-कारखान्याचा नकाशा आला. बाईंनी बावीस त्रुटी काढल्या, मालकाने बावीसही दुरुस्त केल्या. शिक्का मारण्यासाठी बाईंनी कागद पुरता उलगडला, तर घडीखाली तळाचं दार. चार मजल्यांना एकच जिना, आणि त्याचं दार आत उघडणारं. वर दोनशे बाया. आग लागून सगळ्या एकदम खाली धावल्या, तर दार ओढायला मागे सरणार कोण?

"बाहेर उघडायचं तर रस्त्यात येऊ नये म्हणून दार आत सरकवावं लागेल," मालक म्हणाला. "माझा दुकानाचा गाळा जाईल. आणि बाई, पत्र एकच. नियम तुमचाच ना?"

साहेब म्हणाले, "चूक तुमची, नियम तुमचा. तुम्ही दुसरं पत्र काढलंत तर उद्या सगळेच काढतील."

"आपलेच दात, आपलेच ओठ," लाल पेन गालात हसला.

घरी ताटावर बसल्या बसल्या बाईंनी सारं सांगितलं. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, दार दिसलंय ना तुला? मग आता न दिसल्यासारखं कसं करशील?"

तिसऱ्या दिवशी बाईंनी दुसरं पत्र काढलं. मालक चडफडला, पण दार बदललं. आग काही लागली नाही, म्हणून कोणाला काही कळलंही नाही.

आठवड्याच्या आत लाल पेनने एका अर्जाला दुसरं पत्र धाडलं. वर संदर्भ घातला: टेबल क्रमांक तीनचं, म्हणजे बाईंचं, पत्र. मग तिसरं धाडलं. बाकीच्यांचेही हात सुटले.

"जिवाला धोका असेल तरच दुसरं पत्र, एवढं तरी लिहा," बाईंनी साहेबांना विनवलं.

"धोका कशाला म्हणायचं, हे कोण ठरवणार, बाई?" साहेबांनी फाईल मिटली.

बाकं पुन्हा भरली. बाई टेबलावरच डबा उघडू लागल्या.

पावसाळा संपता संपता एक म्हातारा आला. मागची भिंत फुगली म्हणून ती पाडून नवी बांधायची परवानगी त्याने मागितली होती. लाल पेनची चार पत्रं झाली होती.

"अर्ज मागे घ्यायचाय," तो म्हणाला.

बाईंनी फॉर्म काढला. "कारण?"

"भिंत पडली."

"कोणाला लागलं का, बाबा?"

"सून गेली. कपडे वाळत घालत होती."

म्हाताऱ्याने चारही पत्रं टेबलावर ओळीने मांडली, जणू हिशेब नीट लागावा. "लेकाने वाचून दाखवली. दुसऱ्यापासून प्रत्येकावर तीन नंबरच्या टेबलाचा दाखला आहे. कोण बसतं तिथे?"

लाल पेनने मान खाली घातली.

"मीच," बाई म्हणाल्या. दाराचं, दोनशे बायांचं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

म्हाताऱ्याने पत्रं गोळा केली. मग फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

"मग कारण तुम्हीच लिहा."