दोन बोटं कमी

थांबा, तो रंगाचा डबा माझ्यावर ठेवू नका. आधीच दोन आहेत, शिवाय मेणबत्त्यांची खोकी, पाठ मोडलेली खुर्ची आणि कुणाची तरी विसरलेली छत्री. मी काही अडगळ ठेवायचं टेबल नाही. मी चौरंग बोलतोय, गावाच्या आश्रयदात्या संतांना वर्षातून एकदा मिरवणुकीत नेणारा. उरलेले दिवस चर्चमागच्या या खोलीत माझी काय शोभा होते ते तुम्ही बघताच आहात.

मला सुताराने घडवलं. चाळीस वर्षांपूर्वी शाळेची जुनी दारं काढली, ती त्याने मागून आणली आणि त्यांतून मी झालो. चार पाय, वर फळी आणि पुढेमागे लांब निघालेले दोन दांडे. फळीच्या मधोमध एक जाड बोल्ट आहे. त्यावर संतांची मूर्ती बसते आणि खालून नट आवळला की जागची हलत नाही. काम झालं तेव्हा सुताराने मला चर्चच्या पायरीवर मोठ्या ऐटीत ठेवलं, आणि ठेवलं ते जरा जोरातच. एका पायाचा टवका उडाला आणि तो दोन बोटं आखूड झाला. "पुढच्या सणाला बघू," सुतार म्हणाला. चाळीस सण झाले. गावातली सगळी दारं-खिडक्या सरळ करणाऱ्या या माणसाला माझा एक पाय काही जमला नाही. दरवर्षी त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारतात आणि वेळ भागवतात.

आता आमच्या कामाची गंमत सांगतो. चर्च गावाच्या पायथ्याशी आणि संतांचं छोटं प्रार्थनाघर वर, पाण्याच्या टाकीजवळ. मधे एकच गल्ली, आणि ती इतकी उभी की वरच्या घरातल्या बाईच्या पिशवीतून बटाटा निसटला तर तो खालच्या घरातल्या बाईच्या भाजीत पडतो. अशा चढावर संत सरळ उभे राहायचे तर बुटकी माणसं पुढे हवीत आणि उंच माणसं मागे. चार पुढे, चार मागे. वर पोचल्यावर कुणी जागा बदलत नाही. सगळे दांड्याखाली जिथल्या तिथे वळतात, म्हणजे उतरताना उंच माणसं आपोआप पुढे येतात. पण मग संतांची पाठ गावाकडे होणार. म्हणून वर नट सैल करून मूर्ती फिरवायची आणि नट पुन्हा आवळायचा. हा मान सुताराचा.

सुतार उंच, म्हणून चढताना तो मागे असायचा. त्याची बायको बुटकी, ती पुढे. चाळीस वर्षं दोघांनी एकाच चौरंगाला खांदा दिला, पण एकमेकांचं तोंड काही दिसलं नाही.

कुणाचा खांदा कुठे ते दरवर्षी नव्याने ठरतं. सणाआधी नऊ दिवस प्रार्थना चालते, तिच्या पहिल्या दिवशी चर्चच्या बाजूच्या दारात सगळ्यांचे खांदे मोजतात. मोजते सुताराची सून. ती शिंपीण आहे, टेप कायम गळ्यात. बाई ताडमाड उंच. लग्न होऊन आली त्या दिवशी सासऱ्यानेच बसवलेल्या चौकटीला तिचं डोकं आपटलं होतं, आणि सुताराने मुकाट्याने चौकट वर चढवली होती. तेव्हापासून दोघांचं चांगलं जमतं.

आणि इथेच सगळा घोळ झाला.

सुताराने सत्तरी ओलांडली. या वयात माणूस थोडा खाली बसतो, लाकूडसुद्धा बसतं. तीन वर्षांपूर्वी चढाला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मागच्या डाव्या कोपऱ्यावर त्याचा खांदा नाही. हात होता, घट्ट धरलेला. पण दांडा आणि खांदा यांच्यात फट होती. त्याच्या वाट्याचं ओझं शेजारचा बेकरीवाला निमूट उचलत होता. मी घाबरलो. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. सुतार घरी जाताना माझ्याकडे बघायचासुद्धा नाही.

यंदा मोजणीच्या दिवशी मी तिथेच दाराशी होतो. सुनेने सासऱ्याच्या खांद्याला टेप लावली आणि आकडा सांगितला. मी लाकूड असलो तरी मला मोजमाप कळतं. तिने दोन बोटं वाढवून सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुतार एकटाच या खोलीत आला. दार लोटलं, माझ्यावर बसला आणि पिशवीतून बुचाच्या दोन जाड चकत्या काढल्या. तळव्याच्या मापाने कापल्या आणि सरस लावून सणाच्या बुटांखाली चिकटवल्या. मग बूट घालून दोन पावलं चालून बघितलं.

"कुणाला सांगू नकोस," तो मला म्हणाला. "यंदा एकदाच नीट खांदा देतो. मग काय व्हायचं ते होवो."

मी कुणाला सांगणार? पण माझ्या जिवाला घोर लागला. आठवडाभर मला त्या बुटांशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

सणाचा दिवस उजाडला. सकाळची मिस्सा, म्हणजे सणाची मोठी प्रार्थना, झाली, फुलं झाली, मूर्ती माझ्यावर चढली. "उचला," फादर म्हणाले आणि आठ जणांनी मला उचललं. काय सांगू, मागच्या डाव्या कोपऱ्याला खांदा लागला. हाडकुळा, पण त्याचाच. तीन वर्षांनी भेटलो आम्ही.

"काका, आज बरे आहात ना?" बेकरीवाल्याने कुजबुजत विचारलं. त्याला अचानक हलकं लागत होतं.

"मला काय धाड भरलीय?" सुतार म्हणाला. पण निम्म्या वाटेतच त्याचा श्वास भात्यासारखा वाजायला लागला.

वर पोचलो. प्रार्थना झाली, लोक पाणी प्यायले. सुताराने नट सैल केला, संतांना गावाकडे वळवलं आणि नट आवळला. आपल्या हातांचा भरवसा वाटेना म्हणून त्याने आणखी एक आटा जास्तच दिला. त्या एका आट्याचे उपकार मी विसरणार नाही.

उतार सुरू झाला. उंच माणसं आता पुढे, म्हणजे खालच्या बाजूला. बेकरीसमोर गल्लीत थोडी सपाट जागा आहे. संत येणार म्हणून बेकरीवाल्याने मोठ्या भक्तीने ती आणि तिच्या वरचा उतार सकाळीच धुऊन काढला होता. दगड ओलेच होते. सुताराचा डावा पाय त्या ओल्या उतारावर पडला, बुटाचा सरस सुटला, बुचाचा तळवा मागे राहिला आणि सुतार पुढे. त्याचा खांदा एकदम खाली गेला. माझा तो कोपरा खचला आणि संत भिंतीकडे कलले. गाणं बंद पडलं. कुणीतरी "गेलं, गेलं" म्हणालं.

गेलं नाही. नटाने धरून ठेवलं. आठही जणांनी दात आवळून चार पावलं टाकली आणि मला सपाटीवर उतरवलं. फादरनी मूर्तीला हात लावून बघितला. संतांचा एक गुलाबसुद्धा पडला नव्हता.

सगळ्यांच्या नजरा मात्र मागे, उताराकडे होत्या. ओल्या दगडावर बुचाचा तळवा पडला होता. सुताराची बायको मागच्या दांड्याशीच होती, तिने तो उचलला, उलटापालटा केला.

"ही माझी गरम पातेल्याखालची चकती," ती म्हणाली. "आठवडाभर शोधतेय मी. शेजारच्या वहिनींवर संशय घेतला."

सुतार एका पायाने उंच आणि एका पायाने बुटका असा उभा होता. त्याने टोपी काढली.

"तीन वर्षं दांडा माझ्या खांद्याला लागत नाही," तो म्हणाला. "नुसता हात लावून चालत होतो. संतांना फसवलं मी, तुम्हालाही फसवलं."

मग सून पुढे आली.

"बाबा, तुम्ही दोन बोटं कमी भरता. तीन वर्षं मीच वाढवून सांगतेय. तुम्हाला खरं सांगायला जीभच उचलेना."

"आणि मी टॉवेलाची घडी जाड करतो," बेकरीवाला खांद्यावरचा टॉवेल काढत म्हणाला. "म्हटलं, दांडा जरा माझ्याकडे आला तर काकांना कळायचं नाही."

फादरनी तिघांकडे पाहिलं. "म्हणजे तीन वर्षं सगळे खोटं वागत होतात आणि पाप कबूल करायला, पापनिवेदनाला माझ्याकडे एकही आला नाही."

पहिल्यांदा सुताराची बायको हसली, मग सगळी गल्ली. सुतार हसता हसता डोळे पुसत होता. त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. इतका मोकळा मी त्याला कैक वर्षांत पाहिला नव्हता.

"या इकडे, माझ्या शेजारी," बायको म्हणाली. "आमच्या बाजूला बुटकीच माणसं लागतात."

तिच्या शेजारची शाळेची स्वयंपाकीण तर वाटच बघत होती. "माझे गुडघे गेले केव्हाच, पण सांगणार कुणाला?" असं म्हणून ती झटकन बाजूला झाली.

आता उंच बाजूला जागा रिकामी. सगळे सुनेकडे बघायला लागले. ती टेपशी चाळा करत उभी.

"तुझा खांदा कुणी मोजला?" सुताराने विचारलं.

"माझा कोण मोजणार, बाबा? टेप माझ्याकडेच असते."

सुताराने तिच्या गळ्यातली टेप काढून घेतली. टाचेपासून खांद्यापर्यंत धरली, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ आकडा बघत राहिला.

"माझी चाळीस वर्षांपूर्वीची उंची," तो म्हणाला. "बोटभरही कमी नाही. दांडा मी याच मापाने बसवला होता."

त्याने स्वतः तिचा खांदा दांड्याखाली लावून दिला. मग दुसऱ्या बुटाचा बुचाचा तळवाही ओरबाडून काढला, खिशात टाकला आणि मागे जाऊन बायकोच्या शेजारी उभा राहिला. मला उचललं तेव्हा आठही खांदे माझ्या दांड्यांना लागले. खरे आठ. संत इतके सरळ उभे होते की फादरनी दोनदा मागे वळून बघितलं. खाली पोचेपर्यंत मागून नवराबायकोची कुजबुज चालू होती. विषय चकत्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी सुतार इथे आला. त्याने मला आडवा केला, माझ्या आखूड पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढून फेकली, खिशातून तो बुचाचा तळवा काढला, पायाच्या मापाने कापला आणि दोन बारीक खिळे ठोकले. मग मला उभा करून दोन्ही हातांनी हलवून बघितलं. मी हललो नाही.

"झालं बघ," तो म्हणाला. "चाळीस वर्षं उगाच रखडवलं."

तर असं आहे. तुमच्यातल्या कुणाचा खांदा दांड्याला लागत नसेल तर वेळेवर सांगा. सांगितलं की शेजारी जागा निघते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि बराच वेळ तो डबा हातात धरून उभे आहात, ठेवायचाच तर ठेवा. मी आता डगमगत नाही.